पंगत आणि रंगत

सुटी घालविण्यासाठी समुद्रातील एखाद्या बेटावर गेलेल्या प्रवाशाचा दिनक्रम आता जगभर जवळजवळ सारखाच झालेला आहे. सकाळी समुद्रस्नान, दुपारी विश्रांती, आणि दिवेलागण झाली की हॉटेलच्या अंगणात मांडलेल्या मेजांवर रात्रीचे भोजन. ह्या भोजनाच्या जोडीला एक खेळही असतो. पाहुण्यांच्या ताटांत पहिला पदार्थ पडतो न पडतो तोच समोरच्या मंचावर ढोल वाजू लागतात. गळ्यात फुलांच्या माळा घातलेल्या नर्तकी येतात. कोणी जळते पलिते गरगर फिरवितो. कोणी त्या बेटावरील जुन्या राजाची कथा अभिनय करून सांगतो. तिकीट एकच. त्यात जेवणही आले आणि नाटकही आले. हवाई बेटांपैकी ओआहू ह्या बेटावर लाये येथे 1963 साली पॉलिनेशियन संस्कृतीचे एक केंद्र उघडले. तेथे पारंपरिक मेजवानी आणि रात्रीचा खेळ असा बेत आखलेला असतो, आणि जगाच्या कानाकोपऱ्यातून आलेले प्रवासी त्याचा आस्वाद घेतात. आपल्याकडे गोव्यात मांडवी नदीवर सायंकाळी ज्या बोटी निघतात त्यांच्यावरही नाचगाणे असते, आणि काहींवर जेवणही मिळते. प्रकार तोच, फरक इतकाच, की येथे बेटच तरंगते असते.

जेवता जेवता पाहावयाच्या ह्या नाटकाला इंग्रजीत ‘डिनर थिएटर’ असे नाव आहे. अमेरिकेतील असे पहिले नाट्यगृह म्हणून व्हर्जिनिया राज्यातील बार्क्सडेल थिएटरचा उल्लेख केला जातो. 1953 साली काही नटमंडळींनी हॅनोव्हर येथील एक जुनी सराई ताब्यात घेऊन तेथे नाटके सुरू केली. जागा शहरापासून दूर. तेव्हा इतक्या लांबून येणाऱ्या प्रेक्षकाला उपाशी कसे ठेवावयाचे, म्हणून जेवणाचीही सोय झाली. म्हणजे मुळात तेथे नाटकासाठी जेवण आले होते. पुढे ही कल्पना पसरली तेव्हा पुष्कळ ठिकाणी हा क्रम उलटला आणि जेवणासाठी नाटक आले. लोणच्याची फोड पानाच्या डाव्या बाजूस वाढावी, तसे नाटक मेजाच्या एका बाजूस वाढले जाऊ लागले.

ह्यात वाईट काय आहे, असे कोणी विचारील. जेवणारा सुखी आहे, नटाला मानधन मिळत आहे, हॉटेलचा मालक संतुष्ट आहे. हे सारे खरे असले तरी एक प्रश्न उरतोच. समोरच्या माणसाचे अर्धे लक्ष ताटात आहे, काट्याचमच्यांचा आवाज चालू आहे, वाढपी मधून ये-जा करीत आहे, आणि अशा वेळी नटाने आपला प्राण ओतून एखादे वाक्य म्हटले, तर ते वाक्य कोणाकडे जावयाचे? नाटक पाहणाऱ्याचे आणि नाटक करणाऱ्याचे नाते नेमके कोणते? गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचे, की यजमान आणि पाहुणा यांचे? हा प्रश्न केवळ बेटांवरील हॉटेलांपुरता असता तर तो तेथेच सोडून देता आला असता. परंतु जिथे नाटक आणि अन्न एकत्र आले आहेत, तिथे तो उभा राहतोच; आणि ही दोन एकत्र आली नाहीत असा देश शोधून सापडणे कठीण आहे.

मराठी माणसाला तर हे नाते मुळीच नवे नाही. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात रात्रीचे जेवण लवकर उरकून लोक थिएटरात जाऊन बसत आणि कित्येक वेळा उजाडण्याच्या सुमारास घरी परतत. नाटके आटोपशीर झाली तेव्हा मध्यंतर आले, आणि मध्यंतराबरोबर बटाटेवडा आला. नाटक पडले तरी वडा चांगला होता, असे म्हणणारा रसिक प्रत्येक गावात असतो. जपानात काबुकी नाटकांचे प्रयोग दिवसच्या दिवस चालत, तेव्हा दोन अंकांच्या मध्ये खाण्यासाठी भाताचे डबे येत. त्या डब्याच्या जपानी नावाचा अर्थच ‘पडद्यांच्या मधले’ असा आहे. तळकोकणात आणि गोव्यात देवळाच्या जत्रेला दशावतारी मंडळी रात्रभर खेळ करतात, आणि पहाटे दहीकाला होऊन तो प्रसाद म्हणून वाटला जातो. म्हणजे कोठे अन्न नाटकाच्या मध्ये येते, कोठे नंतर, तर कोठे आधी. क्षणभर असे वाटते, की ह्या क्रमाने काय बिघडते? अन्न ते अन्न आणि नाटक ते नाटक. परंतु हा क्रम दिसतो तितका क्षुल्लक नाही, हे पाहावयाचे असेल तर समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या एका प्रदेशात गेले पाहिजे. तो प्रदेश म्हणजे छत्तीसगड, आणि ते शहर म्हणजे रायपूर.

रायपूर हे नाव मराठी माणसाला परके नाही. अठराव्या शतकात, 1741 साली, भास्करपंतांच्या स्वारीने छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल बसला. पुढे बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून तेथला कारभार पाहिला. 1854 साली भोसल्यांचे राज्य खालसा झाले, तरी नागपूरचा आणि रायपूरचा संबंध तुटला नाही. 1956 पर्यंत दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती. नोकरीनिमित्त, व्यापारानिमित्त, रेल्वेच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबे येथे पिढ्यान् पिढ्या राहिली. 1935 साली त्यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र मंडळाच्या मंचावर मराठी नाटकांचे प्रयोग होत आले आहेत. 1 नोव्हेंबर 2000 रोजी छत्तीसगड राज्य निर्माण झाले आणि रायपूर राजधानी झाले. अशा ह्या शहराला समुद्र नाही. परंतु त्याच्या शेजारी एक बेट मात्र आहे.

रायपूरपासून सुमारे 45 किलोमीटरांवर राजिम येथे महानदी, पैरी आणि सोंढूर ह्या तीन नद्यांचा संगम होतो. संगमाच्या ऐन मध्यभागी, उंच दगडी जोत्यावर, कुलेश्वर महादेवाचे प्राचीन मंदिर उभे आहे. पावसाळ्यात चहूकडून पाणी भरते आणि मंदिराचे बेट होते. काठावरच्या एका मंदिरास तेथले लोक ‘मामा’ म्हणतात आणि कुलेश्वरास ‘भाचा’. पूर वाढला की भाचा मामाला हाक मारतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. हिवाळा सरता सरता पाणी ओसरते, नदीचे रुंद वाळवंट उघडे पडते, आणि माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत त्या वाळूवर मोठी यात्रा भरते. पाकात घोळलेल्या लाह्यांच्या राशी, बांगड्यांची दुकाने, पाळणे, साधूंचे तंबू ह्यांनी नदीचे पात्र भरून जाते. तीन दगडांची चूल मांडून कोणी भात रांधतो. कोणी अन्नछत्रात पंगतीला बसतो. आणि जेवणे झाली, हात धुतले गेले, की ह्या नदीतील बेटाच्या आसमंतात खेळ सुरू होतात. गरीब माणसाची बेटावरची सुटी ती हीच. येथे तिकीट नाही, मेज नाही, आणि जेवता जेवता कोणी खेळ पाहत नाही. खेळ सुरू होतो तो जेवणानंतर.

ह्या खेळांपैकी छत्तीसगडाचा स्वतःचा म्हणावा असा खेळ म्हणजे ‘नाचा’. नावावरून वाटते त्याप्रमाणे तो नुसता नाच नव्हे. त्यात गाणे आहे, नाच आहे, आणि मुख्य म्हणजे विनोदी नाट्यप्रसंग आहेत. ह्या प्रसंगांना तेथे ‘गम्मत’ म्हणतात. हा शब्द कानांवर पडताच मराठी माणूस चमकतो, आणि ते चमकणे अगदीच अस्थानी नाही. नाच्याच्या जुन्या प्रकाराला ‘खडे साज’ असे नाव होते. वाजविणारे लोक आपली वाद्ये कमरेला बांधून उभ्याउभ्याच वाजवीत, शेजारी मशालजी मशाली धरून उभे राहत, आणि त्या हलत्या उजेडात नट आपले काम करीत. हे वर्णन ऐकून तमाशाची आठवण होणारच. भोसल्यांच्या फौजांबरोबर तमाशाचा वारा छत्तीसगडात गेला आणि तेथल्या मातीत त्याने हे रूप घेतले, असे काही अभ्यासकांचे मत आहे. तमाशात स्त्री आली. नाच्यात मात्र स्त्रीची कामे दीर्घकाळ पुरुषच करीत आले. लुगडे नेसलेल्या, डोक्यावर लोटा तोलीत येणाऱ्या ह्या पात्राला ‘परी’ म्हणतात, आणि तिच्या जोडीच्या विदूषकाला ‘जोक्कड’. जोक्कड हा शब्द इंग्रजी जोकरवरून आलेला दिसतो. मराठीकडून गंमत, इंग्रजीकडून जोकर, आणि भाषा मात्र पक्की छत्तीसगढी!

नाच्याची रात्र कशी असते, ते जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे. धानाची कापणी होऊन खळी रिकामी झाली, की गावांना उसंत मिळते. मूल जन्माला आले म्हणून, लग्न ठरले म्हणून, गणपती बसला म्हणून किंवा नुसतीच मंडई भरली म्हणून एखादे गाव नाच्याच्या मंडळीला बोलावते. वर्गणी जमते. मंडळी येते ती संध्याकाळी. तिचे खाणेपिणे गावाकडे असते. रात्रीच्या जेवणाला छत्तीसगढीत ‘बियारी’ म्हणतात. गावाची बियारी उरकते, उरलेल्या भातात पाणी घालून तो झाकून ठेवला जातो, आणि घरातली माणसे पोते, चटई, कांबळे जे हाती लागेल ते घेऊन मैदानाकडे चालू लागतात. पुढची जागा मिळावी म्हणून मुले आधीच जाऊन बसलेली असतात. शेजारच्या चार गावांतील माणसे अंधारातून येतात. रात्री नऊदहाच्या सुमारास वाद्ये सूर धरतात आणि खेळ सुरू होतो तो उजाडेपर्यंत चालतो. रात्रभर खेळ चालविण्यामागे रसिकतेइतकाच व्यवहारही आहे. दूरच्या गावाहून आलेल्या माणसांना मध्यरात्री रानातून परत पाठवावयाचे कसे? तेव्हा दिवस उगवेपर्यंत त्यांना रमविणे हे यजमान गावाचे आणि नटांचे समाईक कर्तव्यच होते.

आता ह्या रात्रीची त्या बेटावरील भोजनप्रसंगाशी तुलना करून पाहावी. बेटावर प्रेक्षक हा पाहुणा असतो आणि नट त्याच्या सेवेला उभा असतो. येथे प्रेक्षक यजमान आहे आणि नट पाहुणा आहे. बेटावर प्रेक्षक खात असतो आणि नट उपाशीपोटी नाचत असतो, असेही म्हणता येईल. येथे दोघेही जेवून आलेले आहेत, आणि कित्येकदा एकाच गावाच्या धान्यावर. पोट भरलेले, हात रिकामे, रात्र मोठी आणि समोर माणूस. असा प्रेक्षक नाटकाचे काय करतो? तो नुसते पाहत नाही, तो बोलतो. गम्मत चालू असता त्याला एखादा टोला आवडला तर तो मोठ्याने दाद देतो, कधी आपल्या पदरचे वाक्य टाकतो. मग नट त्याच्याकडे वळतो, पुन्हा तेच वाक्य खास त्याच्यासाठी म्हणतो, आणि त्याच्या उत्तरावर आपले प्रत्युत्तर चढवितो. परी एखाद्या प्रेक्षकाजवळ जाऊन त्याच्या नावाने गाणे म्हणते आणि तो तिच्या हाती पैसे ठेवतो. त्यास ‘मोंजरा’ म्हणतात. तमाशाच्या बैठकीतील दौलतजादेचाच हा सख्खा भाऊ. तेथे पैशाचा व्यवहार नाही असे नाही. पण तो मैदानात, सगळ्यांच्या देखत, माणसाने माणसाला ओळखून होतो.

नाच्याची ही सारी बाजू गोड असली, तरी तिच्या मागे एक कडू बाजूही आहे, आणि ती लपविणे योग्य होणार नाही. राजनांदगावजवळच्या रवेली गावी 1911 साली दुलारसिंह साव नावाचे एक गृहस्थ जन्मले. सारे छत्तीसगड त्यांना दाऊ मंदराजी म्हणून ओळखते. घर जमीनदाराचे, शेती मोठी. पण मुलाचा जीव नाच्यात. 1928 च्या सुमारास त्यांनी रवेलीची नाचा मंडळी उभारली. विखुरलेले चांगले नट आणि वादक हेरून त्यांनी एकत्र आणले. चिकारा ह्या जुन्या तंतुवाद्याच्या जागी हार्मोनियम आणले, मशालींच्या जागी गॅसबत्त्या आणल्या. वृद्ध नवऱ्याच्या गळ्यात बांधलेली कोवळी मुलगी, पुजाऱ्याचे शिवाशिवीचे ढोंग, असे विषय त्यांनी गम्मतीत खेळविले. ज्या काळी गावची पंगत जातीजातीने बसत होती त्या काळी, पंगत उठल्यावर, त्याच गावाला त्याच पंगतीची थट्टा पाहावयास लावणे हे सोपे काम नव्हते. जेवताना जे कोणी ऐकून घेतले नसते ते रात्री बारा वाजता मैदानात हसत हसत ऐकून घेतले जाई. नाटक जेवणानंतर का असावे, ह्याचे ह्याहून चांगले उत्तर कोणते?

पण मंदराजींची जमीन नाच्यापायी हळूहळू हातची गेली. श्रीमंत घरात जन्मलेला हा माणूस 1984 साली वारला तेव्हा विपन्नावस्थेत होता. आज राज्य शासन लोककलावंतांना त्यांच्या नावाने सन्मान देते. यजमान गावाने नटाला जेवू घातले, ही गोष्ट सुंदर आहे. पण जेवू घातले म्हणजे त्याच्या वर्षाची, म्हातारपणाची आणि मुलाबाळांची सोय झाली असे नाही. बेटावरील नर्तकीला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो. नाच्याच्या नटाला टाळ्या, जेवण आणि मोंजऱ्याची नाणी मिळत. दिवसा तो पुन्हा शेतावर किंवा मजुरीला. तेव्हा एका बाजूस सगळा बाजार आणि दुसऱ्या बाजूस सगळे प्रेम, अशी सोपी वाटणी येथे करता येत नाही. प्रेक्षकाने यजमान व्हावे हे खरे. पण यजमानाने हिशेबही चोख ठेवावा, हेही तितकेच खरे.

ही गोष्ट एका माणसाला फार खोलवर जाणवली, आणि योगायोग असा, की तो रायपूरचाच होता. हबीब तन्वीर यांचा जन्म 1923 साली रायपुरात झाला. शाळा रायपुरात, आणि पदवी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून. पुढे ते मुंबईस गेले, आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर काही काळ काम केले, ‘इप्टा’च्या नाट्यचळवळीत शिरले. 1955 मध्ये ते नाट्यशिक्षणासाठी इंग्लंडला गेले. लंडन आणि ब्रिस्टल येथील नामांकित नाट्यशाळांत शिकले. 1956 साली ते बर्लिनला पोहोचले ते बर्टोल्ट ब्रेख्ट ह्या जर्मन नाटककाराला भेटण्याच्या ओढीने. पण त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ब्रेख्ट वारला होता. तन्वीरांनी महिनोन् महिने तेथे राहून त्याच्या नाटकांचे प्रयोग पाहिले. ह्या ब्रेख्टने प्रचलित संगीतिकेवर एक मार्मिक टीका केली होती. ती रंगभूमी त्याला ‘पाकशाळेतील’ वाटे. म्हणजे प्रेक्षकाने चवीने गिळावे आणि ढेकर देऊन घरी जावे, एवढाच तिचा हेतू. प्रेक्षकाने गिळू नये, जागे राहून विचार करावा, अशी त्याची मागणी होती. जेवणाच्या मेजावर नाटक येण्यापूर्वीच नाटकाचे जेवण झालेले त्याने ओळखले होते.

हे शिक्षण घेऊन तन्वीर मायदेशी परतले आणि 1958 साली आपल्या माणसांना भेटण्यासाठी रायपुरास आले. ज्या शाळेत ते शिकले होते तिच्याच मैदानात त्या रात्री नाचा होता. नऊच्या सुमारास सुरू झालेला तो खेळ ते रात्रभर पाहत राहिले. तीनचार गम्मती झाल्या, मध्ये गाणी झाली. ठाकुरराम, मदनलाल, बाबूदास हे नट, भुलवाराम हा गायक, जगमोहन हा वादक. लंडनमध्ये शिकून आलेल्या, बर्लिनमध्ये उत्तमोत्तम प्रयोग पाहिलेल्या त्या माणसाला आपल्याच शाळेच्या मैदानात, चटईवर बसलेल्या लोकांच्या गराड्यात, जे हवे होते ते सापडले. हे प्रेक्षक जागे होते. ते रात्रभर हसत होते आणि रात्रभर विचारही करीत होते. उजाडल्यावर तन्वीर त्या नटांजवळ गेले आणि, दिल्लीला येऊन माझ्या नाटकात काम कराल का, असे त्यांनी विचारले. ते कबूल झाले. पुढे राजनांदगावच्या लालूरामाची त्यांत भर पडली आणि सहा जणांची ही मंडळी शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकावरून केलेल्या ‘मिट्टी की गाडी’मध्ये काम करावयास राजधानीला गेली. 1959 साली ‘नया थिएटर’ ही संस्था स्थापन झाली.

येथे कथा संपली असती तर ती परीकथा झाली असती. प्रत्यक्षात अडचण पुढेच होती. रायपूरच्या मैदानात सिंहासारखे वावरणारे हे नट दिल्लीच्या मंचावर अवघडू लागले. ह्या ओळीला उजवीकडे जा, त्या ओळीला डावीकडे वळा, असे दिग्दर्शक सांगे, आणि ज्यांनी आयुष्यभर समोरचा माणूस पाहून पाऊल टाकले होते त्यांना उजवे-डावे कळेना. भाषाही परकी, हिंदी. तन्वीर विचार करीत राहिले. दोष नटांचा नसून आपल्या पद्धतीचा आहे, हे त्यांच्या ध्यानात यावयास वर्षे लागली, आणि ते त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले. त्यांनी नटांना त्यांची छत्तीसगढी बोली परत दिली, त्यांच्या हालचाली त्यांच्यावर सोपविल्या. 1973 साली रायपुरात नाच्याची महिनाभराची कार्यशाळा झाली, आणि तीन जुन्या गम्मती गुंफून ‘गाँव के नाँव ससुराल, मोर नाँव दामाद’ हे नाटक उभे राहिले. मैदानातला नाचा नाट्यगृहात आला तो असा, आपल्या अटींवर.

त्यानंतर 1975 मध्ये ‘चरणदास चोर’ आले. मूळ राजस्थानी लोककथा, विजयदान देथा यांनी सांगितलेली. रूप मात्र अस्सल छत्तीसगढी. 1982 साली एडिंबरोच्या महोत्सवात ह्या नाटकाला पुरस्कार मिळाला आणि भातशेतीत राबणाऱ्या नटांची कला युरोपने पाहिली. ह्यातील चोर आपल्या गुरूपुढे थट्टेथट्टेत चार शपथा घेतो. सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवरून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राजा होणार नाही. चोराला सोन्याचे ताट कोण वाढणार? म्हणून त्या शपथा सोप्या. शिवाय गुरूच्या आग्रहाने, खोटे बोलणार नाही, अशी पाचवी. पुढे नशीब असे फिरते, की एकेक करून ती सारी सुखे त्याच्यापुढे येतात; तो वाढलेले सोन्याचे ताट नाकारतो, राणीला नाकारतो आणि शेवटी आपल्या शब्दापायी प्राण गमावतो. ह्या नाटकातील चोराचे काम मदनलाल यांच्यानंतर वर्षानुवर्षे करणारे गोविंदराम निर्मलकर यांना 2009 साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी जूनमध्ये हबीब तन्वीर भोपाळ येथे वारले.

आजच्या रायपुरात ह्या साऱ्याचे काय उरले आहे? शहराच्या मध्यवर्ती भागात महंत घासीदास संग्रहालय आहे. मूळ संग्रहालय 1875 सालचे. आजची इमारत 1953 सालची, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडलेली. ह्याच आवारात 2016 च्या जानेवारीत ‘गढकलेवा’ नावाचे छत्तीसगढी खाद्यपदार्थांचे उपाहारगृह सुरू झाले. तांदळाच्या पिठाचा चीला, वाफवलेला फरा, तळलेली ठेठरी आणि गोड खुरमी असे पदार्थ झाडांच्या सावलीत मिळावेत, ही कल्पना. आणि त्याच आवारात, काही पावलांवर, उघड्या आकाशाखालचा एक रंगमंच आहे. तेथे नाटके आणि लोककलांचे कार्यक्रम होत आले आहेत. म्हणजे रायपूरला नकळत आपले ‘डिनर थिएटर’ मिळाले आहे, आणि त्यात एक शहाणपणही आपोआप राखले गेले आहे. खाणे आणि खेळ शेजारी आहेत, पण एकाच मेजावर नाहीत. फरा खाऊन, हात धुऊन, काही पावले चालत जाऊन प्रेक्षकाला जागा घ्यावी लागते. ही काही पावले फार मोलाची आहेत. तेवढ्या अंतरात जेवणाऱ्याचा प्रेक्षक होतो.

चिंता आहे ती दुसरीच. मोठमोठ्या महोत्सवांत नाच्याला मंच मिळतो, ध्वनिक्षेपक मिळतो, मानधनही मिळते. पण पुष्कळदा वेळ मिळतो तो तासा-दीडतासाचा. त्याच्या आधी एखादा पाहुणा गायक, नंतर एखादे नृत्यपथक, अशा दोन कार्यक्रमांच्या मध्ये नाचा वाढला जातो. जी कला रात्रीच्या विस्तारावर उभी होती, प्रेक्षकाच्या प्रत्येक शब्दाला थांबून उत्तर देत होती, ती घड्याळाकडे पाहून धावू लागली, की तिची गम्मत उरते पण गंमत जाते. नटाला योग्य मोबदला मिळावा हे मंदराजींच्या आयुष्याने शिकविले आहे. त्याला त्याचा वेळ आणि त्याची बोली मिळावी, हे तन्वीरांच्या अनुभवाने शिकविले आहे. ह्या दोन गोष्टींपैकी एक देऊन दुसरी काढून घेणे हा सौदा बरा नव्हे. वर्षातून एखादी तरी रात्र एखाद्या मंडळाने, संस्थेने, गावाने नटमंडळीला पुरती द्यावी, पूर्ण मानधन देऊन द्यावी, आणि आपण जेवून, सवड काढून जावे. खर्च फारसा नाही. सवड मात्र लागते.

राजिमच्या वाळवंटात किंवा रायपूरच्या आसपासच्या एखाद्या खेड्यात जेव्हा अशी रात्र संपते, तेव्हा पूर्वेकडे फटफटू लागलेले असते. परीच्या गालावरचा रंग घामाने ओघळलेला असतो. जोक्कड आपली टोपी काढून वाद्यांच्या पेटीवर ठेवतो. माणसे पोती झटकतात, पेंगुळलेली मुले खांद्यावर घेतात आणि शेताच्या बांधांवरून घराकडे निघतात. रात्री पाणी घालून झाकून ठेवलेला भात एव्हाना आंबटसर होऊन तयार झालेला असतो. त्याला तेथे ‘बासी’ म्हणतात. काशाच्या बटकीत ती बासी घेऊन, मीठ आणि कांदा तोंडी लावीत, घरचा माणूस उंबऱ्याशी बसतो. जी म्हातारी रात्री घर राखीत मागे राहिली होती ती त्याला विचारते, काय काय झाले. आणि तो घास हातात तसाच धरून जोक्कडाने केलेली थट्टा तिला सांगू लागतो.